इंदूरच्या घरात रीफ टँक: पाणी आणि शेवाळ सांभाळताना

सुदामा नगरातल्या आमच्या बैठकीच्या खोलीत दोनशे लिटरचा खारा टँक आहे, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायचा रीफ टँक. समुद्र इथून इतका लांब, की संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसावं, रात्रभर झोपावं, तेव्हा कुठे मुंबई सेंट्रल येतं. तरी रोज सकाळी पोह्यांची बशी हातात घेतली की माझी पहिली नजर त्या काचेकडे जाते. क्लाउनफिश बरे आहेत ना, झोअँथिड (फुलांसारखे उमलणारे, कठीण सांगाडा नसलेले प्रवाळ) उमलले का, आणि काल नव्हता असा एखादा तपकिरी डाग आज वाळूवर दिसतोय का?

पहिल्या दीड वर्षात मी पैसे घालवले, गोगलगायी घालवल्या आणि सासूबाईंची बोलणी खाल्ली. तुम्ही गोड्या पाण्याचा टँक सांभाळला असेल आणि आता खाऱ्याकडे वळायचा विचार असेल, तर हे तुमच्यासाठी. कुठले मासे घ्यावेत, लाइट किती वॉटचा, यात मी शिरत नाही. फक्त पाणी आणि शेवाळ. माझा सगळा गोंधळ एकाच आकड्याने केला, तो म्हणजे शून्य. जिथे शून्यच हवं होतं तिथे मी ८५ चालवून घेतलं, आणि जिथे शून्य येता कामा नये तिथे ते आलं तेव्हा मला पेढे वाटावेसे वाटले.

आधी जमवायचं सामान

- टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात जास्त उपयोगाची.
- खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर, आणि तो जुळवायला ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) तयार द्रावण. द्रावण घ्यायचा कंटाळा करू नका.
- केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण), नायट्रेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची टेस्ट किट, खाऱ्या पाण्याची. फॉस्फेटसाठी जमलं तर डिजिटल मीटर, कारण रंगाच्या पट्टीवर ०.०३ आणि ०.१ मधला फरक माझ्या डोळ्यांना कधीच दिसला नाही.
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा.
- खाण्याचे पदार्थ ठेवण्याजोग्या प्लास्टिकचे दोन ड्रम किंवा बादल्या, फक्त टँकसाठी. घरचे तांब्या-पितळेचे हंडे या कामाला अजिबात नकोत. तांबं माशांना थोडंफार सोसतं, गोगलगायी आणि प्रवाळांना नाही.
- सायफनची नळी, जुना टूथब्रश, रबरी हातमोजे, डोळ्यांना लावायचा साधा गॉगल.
- एक वही. मी कालनिर्णयच्या चौकटीत लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारी.

१. कायदा बघा, मग खरेदी करा

ही गोष्ट मला दुकानात कुणी सांगितली नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ येतात. काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅनसुद्धा. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्याही त्याच सूचीत. समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचाच सांगाडा, तेव्हा तोही नको. सिरॅमिकचे कृत्रिम खडक मिळतात. सुरुवातीला ते फार पांढरे आणि खोटे दिसतात, वर्षभरात कुणाला ओळखू येत नाहीत.

माझ्या टँकमध्ये झोअँथिड आणि मश्रूम कोरल आहेत, टँकमध्येच पैदास झालेले क्लाउनफिश आहेत, आणि प्रत्येक जिवाचं बिल फायलीत आहे. बिलावर जातीचं नाव लिहून मागा. 'मिक्स कोरल, ४ नग' असं लिहिणाऱ्याकडून काही घेऊ नका. यात पाण्याच्या बाजूने एक फायदाही आहे, तो सहाव्या पायरीत येईल.

२. पाणी: इथे मात्र शून्यच

आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचा आरओ होताच. मला वाटलं, अर्धं काम झालं. त्याच पाण्यात मीठ कालवलं, टँक भरला, आणि तिसऱ्या आठवड्यापासून वाळूवर कोकोची भुकटी सांडल्यासारखा तपकिरी थर बसायला लागला. तो तर सगळ्यांकडेच बसतो. माझ्याकडचा तीन महिने गेला नाही. शेवटी आरओच्या तोटीखाली मीटर धरला: ८५. मेकॅनिकला बोलावलं, तर तो म्हणाला, "मॅडम, पीने के लिए एकदम सही है।" त्याचं बरोबरच होतं. चूक माझी होती, मी ते पिणार नव्हते.

घरगुती आरओमध्ये पुष्कळदा टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटा स्क्रू असतो. मेम्ब्रेनमधून गाळलेल्या पाण्यात तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो, चवीसाठी. काही मशीनमध्ये त्याच्यापुढे मिनरलचं कार्ट्रिजही असतं. माणसाला हे गोड लागतं. टँकमध्ये मात्र नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, नळात असेल ते सगळं थोडं थोडं उतरतं.

करायचं असं: टँकसाठी वेगळी लाइन बसवा. सेडिमेंट फिल्टर, कार्बन, मेम्ब्रेन, आणि शेवटी डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार शोषणारे दाणे. यूव्ही दिवा लागत नाही, मिनरल लागत नाही, कंट्रोलर तर नाहीच. आमच्या नळाला मीटर साधारण २४० दाखवतो, मेम्ब्रेननंतर ९-१०, रेझिननंतर ०. यापुढे मी 'आरओचं पाणी' म्हणते ते हे, शून्य टीडीएसचं. गच्चीवरच्या टाकीत बोरिंगचं पाणी मिसळलं त्या दिवशी नळाला ९०० च्या वर आकडा होता. बोरिंगचं पाणी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मेम्ब्रेनमधून आरपार जातो आणि रेझिन लवकर खातो. 'मागच्याच महिन्यात बदललं होतं' असं म्हणत बसू नका, मीटर लावा.

रंग बदलणारं रेझिन घेतलं तर सोपं पडतं. रंग पाऊण भागापर्यंत पालटला की बदलून टाका, शेवटच्या चमच्यापर्यंत वापरू नका. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिकेट निसटतं, आणि टीडीएस मीटरला ते जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे मीटर ० किंवा १ दाखवतो आणि वाळू मात्र तपकिरी होते. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा सेडिमेंट फिल्टर दर महिन्याला बघा.

आता वाया जाणारं पाणी. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाजूच्या नळीतून जातं. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "अगं, नळाला एक दिवसाआड पाणी, ते नर्मदेहून घाट चढवून आणलेलं, आणि तू तीन बादल्या मोरीत सोडतेस?" त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जलूदहून सत्तरेक किलोमीटर, विंध्य चढून ते पाणी आपल्यापर्यंत येतं. आता ती नळी एका निळ्या ड्रममध्ये सोडली आहे. फरशी, धुणं भिजत घालणं, संडास, सगळं त्यातून होतं. कुंड्यांना ते रोज घालू नका, क्षार साठतात. कूलरमध्येही नको, जाळ्यांवर पांढरा थर चढतो.

३. मीठ कालवणं

मीठ म्हणजे टँकचं मीठ. सैंधव नाही, खडेमीठ नाही. हे लिहायला नको खरं तर, पण मला दोघांनी विचारलं आहे.

बादलीत आधी पाणी, त्यात पंप चालू, मग मीठ थोडं थोडं. उलट केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर तळाशी कॅल्शियम आणि कार्बोनेट गाठ पडून पांढरा चुना बसतो आणि तो परत विरघळत नाही. लिटरला साधारण ३६ ते ४० ग्रॅम लागतं, नेमका आकडा पुड्यावर असतो. मी आदल्या रात्री कालवून ठेवते. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी, म्हणजे घनता १.०२६, आणि तापमान टँकइतकंच झालं की वापरते.

पुडा जमिनीवर लोळवून, उलटसुलट करून मगच उघडा. वाहतुकीत जड-हलके क्षार वेगळे बसतात. पावसाळ्यात उघडा पुडा दगड होतो, डब्यात घट्ट झाकून ठेवा.

४. पहिला दीड महिना: मासा नाही

वाळू, खडक, खारं पाणी, पंप आणि हीटर चालू, लाइट बंद. अमोनियम क्लोराइडचं टँकसाठीचं द्रावण घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन) न्या, सोबत बाटलीतले जिवाणू. मग वाट बघा. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य, की टँक तयार. चार ते सहा आठवडे लागतात. लाइट बंद ठेवायचं कारण साधं आहे: प्रकाश वापरणारं कुणी आत नाहीच, तर तो शेवाळाला कशाला?

५. मोजायचं काय आणि कधी

माझे आकडे हे आहेत:

- खारटपणा ३५ पीपीटी, दोन-तीन दिवसांनी
- तापमान २५ ते २६ अंश, रोज
- केएच ८ ते ९, आठवड्यातून दोनदा
- नायट्रेट ५ ते १० पीपीएम, आठवड्याला
- फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, आठवड्याला
- कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२८० ते १३५०, महिन्यातून एकदा

पीएच मी मोजायचं सोडून दिलं आहे. ७.८ ते ८.४ मध्ये तो दिवसभर झुलतो, सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. मे महिन्यात दारं-खिडक्या लावून एसी चालू असतो, घरात पाच माणसं, तेव्हा खोलीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात जातो आणि पीएच खाली येतो. त्यावर औषध म्हणजे तासभर खिडकी उघडणं. 'पीएच वाढवणारी' बाटली आणून ओतली तर पीएच दोन तासांत परत खाली येतो आणि केएच मात्र वर जाऊन बसतो.

टेस्ट नेहमी एकाच वेळी करा. मी रविवारी सकाळी अकराला करते. फॉस्फेट मीटरची काचेची कुपी हातात धरताना झाकणाला धरा. बोटाचा ठसा किंवा आत चिकटलेला एक बुडबुडा एवढ्यानेही आकडा दुप्पट होतो. मी कुपी जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पुसते आणि उजेडापुढे धरून बघते. मीटर फॉस्फेटऐवजी फॉस्फरस पीपीबीमध्ये दाखवत असेल तर आकड्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागा. १० दिसलं म्हणजे फॉस्फेट ०.०३ झालं. हा गुणाकार न करता मी पहिला महिना काढला होता.

आणि एका टेस्टवर कधीही काही ओतू नका. आकडा विचित्र आला तर पुन्हा मोजा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

६. केएच आधी, बाकीचे मागून

कठीण प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट रोज खेचतात. त्यामुळे ते पाळणाऱ्यांना रोज द्रावणं घालावी लागतात. आपल्याकडे ते नाहीतच, तेव्हा कॅल्शियम खाणारे म्हणजे खडकावर चढणारं जांभळं कोरलाइन शेवाळ आणि गोगलगायींची शिंपली, बस. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की माझं बहुतेक भागतं. पहिल्या पायरीतला फायदा म्हणाले होते, तो हा.

तरीही केएच हळूहळू उतरतो. तेव्हा साधा खाण्याचा सोडा घ्या. बेकिंग पावडर नव्हे, फळांच्या चवीचा पोटाचा सोडा तर नव्हेच. हिशोब असा: १०० लिटर पाण्याला ३ ग्रॅम सोडा घातला की केएच १ ने वाढतो. टँक दोनशे लिटरचा असला तरी वाळू-खडक वजा करून आणि संप (टँकला जोडलेली दुसरी टाकी) धरून माझं पाणी १८० लिटर आहे, म्हणजे साडेपाच ग्रॅमच्या आत. तो अर्धा लिटर आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून जिथे प्रवाह जोरात आहे तिथे हळू ओतायचा. एका दिवसात १ पेक्षा जास्त वाढवू नका. केएच ७ वर स्थिर असलेला टँक चांगला, दर रविवारी ७ वरून १० वर उडी मारणारा वाईट.

मीठ बदलताना इथेच फसगत होते. काही मिठांचा केएच ७ च्या आसपास असतो, काहींचा ११-१२. नवा पुडा आणला की कालवलेल्या पाण्याचा केएच आधी मोजा.

कॅल्शियम कितीही घातलं तरी वर चढत नसेल तर मॅग्नेशियम बघा. ते कमी असलं की कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यातच एकमेकांना धरून खाली बसतात, हीटरवर पांढरा खवला दिसतो तो हाच.

७. नायट्रेट आणि फॉस्फेट: इथे शून्य नको

चौथ्या महिन्यात माझ्या खडकांवर हिरवे केस आले. दोन बोटं लांब, प्रवाहात डुलणारे. येणारे-जाणारे म्हणायचे, किती छान गवत लावलंय. मी चिडून फॉस्फेट शोषणारी लोहाची दाणेदार पावडर आणली आणि पुड्यावर लिहिल्याच्या दुप्पट घातली. माशांचं खाणं एक दिवसाआड केलं. दोन आठवड्यांत केस फिके पडून गळायला लागले. मीटर ०.००, नायट्रेटच्या नळीत पाणी काचेसारखं. मी बहिणीला फोटो पाठवले.

त्यानंतरच्या रविवारी वाळूवर तपकिरी शेंबडासारखा थर होता. त्याला धागे, धाग्यांच्या टोकाला बुडबुडे. रात्री लाइट गेल्यावर नाहीसा व्हायचा, दुपारपर्यंत परत. चार दिवसांत गोगलगायी उलट्या पडल्या. झोअँथिड मिटले ते उघडेनात. मी आणखी पाणी बदललं, आणखी वाढलं.

ते डायनोफ्लॅजेलेट होते, इथे हौशी लोक नुसतं 'डायनो' म्हणतात. त्यातल्या काही जाती विषारी असतात, म्हणून ते खाणाऱ्या गोगलगायी मरतात. पाण्यात पोषण उरलं नाही की हिरवं शेवाळ आणि चांगले जिवाणू उपाशी मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर डायनो बसतात. मी माझ्या हाताने जागा झाडून दिली होती.

ओळखायची सोपी युक्ती: थोडा शेंबूड सायफनने बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा, आणि खाली आलेलं पाणी पांढऱ्या वाटीत तासभर लाइटखाली ठेवा. त्यात परत धागे जुळले तर डायनो. हातात हातमोजे असू द्या आणि वाटी परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

मग मी काय केलं: लोहाची पावडर काढली. माशांना दिवसातून दोनदा खाणं. पाणी बदलणं बंद, कारण ताज्या पाण्यातले सूक्ष्म क्षार त्यांनाच फावतात. टँकसाठीची नायट्रेट आणि फॉस्फेटची तयार द्रावणं रोज थोडी थोडी घालून नायट्रेट ५ च्या वर आणि फॉस्फेट ०.०५ च्या वर धरून ठेवलं. तीन दिवस टँकवर जाड चादरी, पूर्ण अंधार, हवेचा पंप चालू. मासे आणि झोअँथिड तीन दिवसांचा अंधार सहज सोसतात. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जाती असतील तर यूव्ही फिल्टरचा उपयोग होतो, वाळूतच राहणाऱ्यांवर होत नाही. माझ्याकडच्या तरंगणाऱ्या निघाल्या, ते नशीब. तरी अडीच महिने गेले.

यातली दुसरी खोच: शेवाळ भरपूर आहे आणि टेस्ट शून्य दाखवते, याचा अर्थ पाणी स्वच्छ आहे असा नाही. येणारं सगळं फॉस्फेट शेवाळाने खाऊन अंगात साठवलं आहे, मीटरला उरलेलं दिसतं. अशा वेळी पावडर वाढवू नका, शेवाळ हाताने उपटून बाहेर काढा. बाहेर काढलेल्या प्रत्येक मुठीबरोबर फॉस्फेटही जातं.

८. शेवाळ ओळखा, मग हात घाला

*काचेवरचा हिरवा धूर.* हा रोग नाही. दोन-तीन दिवसांनी चुंबकाने पुसा. चुंबकात वाळूचा कण अडकलेला नाही ना ते बघा, माझ्या काचेवर त्याची आडवी रेघ कायमची आहे.

*तपकिरी भुकटी, पुसली की उडते.* डायटम. नव्या टँकमध्ये दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात येणारच. सिलिकेट संपलं की जातात. नाही गेले तर रेझिन बघा, पायरी दोन.

*लालसर-जांभळी साय, चिमटीत धरली की अख्खी निघते, वास येतो.* हे खरं शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहेत. प्रवाह न पोचणाऱ्या कोपऱ्यात बसतात. सायफनने ओढा, वेव्हमेकरचं (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड तिकडे वळवा, तळातला गाळ काढा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. त्यांच्यावरच्या पावडरी वापरल्यात तर हवेचा पंप लावाच, पाण्यातला ऑक्सिजन एकदम उतरतो.

*हिरवे केस.* खडक बाहेर काढता येत असेल तर खाऱ्या पाण्याच्या बादलीत टूथब्रशने घासा. हट्टी ठिकाणी ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावून दोन-तीन मिनिटांनी धुऊन परत ठेवा. मेडिकलमधली बाटली बहुतेक ६ टक्क्यांची असते, लेबल वाचा आणि तेवढंच आरओचं पाणी मिसळा. लाइट आठ तासांवर आणा. खिडकीतून येणारं ऊन अडवा. नेराइट आणि सेरिथ गोगलगायी ठेवा, पण बोटभर केस त्या खात नाहीत, आधी तुम्ही उपटायचे, मग त्या राखण करतात.

इथे एक गोष्ट ठळक सांगते. झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, जगातल्या सर्वांत तीव्र विषांपैकी एक. ते चिकटलेला खडक घासताना हातमोजे आणि गॉगल हवाच, हाताला जखम असेल तर काम दुसऱ्यावर सोपवा. आणि शेवाळ मारायला खडक कधीही, कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका. वाफेतून ते विष श्वासात जातं आणि अख्खं घर दवाखान्यात पोचतं.

*गडद हिरवे पिसासारखे झुपके.* ब्रायॉप्सिस. पोषण कमी करून हटत नाही. फ्लुकोनॅझोलने मरतं, पण ते माणसाचं औषध आहे, मात्रेचा हिशोब अनुभवी माणसाकडून समजून घेतल्याशिवाय घालू नका.

*हिरवे मणी.* फोडू नका. नखाने मुळाशी सैल करा आणि सायफनच्या तोंडात अख्खे ओढा.

कायमचा उपाय म्हणून माझ्या संपमध्ये चीटोमॉर्फा आहे, भांडी घासायच्या हिरव्या जाळीसारखं दिसणारं शेवाळ. त्याचा दिवा रात्री चालतो, त्यामुळे रात्रीचा पीएचही फार पडत नाही. महिन्याला एक मूठ काढून टाकते. शेवाळाशी लढायला शेवाळच पाळलंय, हे सासूबाईंना फार आवडलं.

९. इंदूरचा मे महिना

बाहेर ४२-४३, टँकमध्ये २६. चिलर महाग आहे. मी पहिले दोन उन्हाळे पाण्यावर वारा मारणाऱ्या दोन छोट्या पंख्यांवर काढले. माळव्यातली कोरडी हवा इथे मदतीला येते, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. मात्र त्याच खोलीत डेझर्ट कूलर लावला तर हवा दमट होते आणि पंखे निरुपयोगी. कूलर दुसऱ्या खोलीत, किंवा एसी. जुलैत हवा ओली झाली की पंख्यांचा भरवसा धरू नका.

पंखे लावले की रोज पाच-सहा लिटर पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, खाऱ्याची कधीच नाही. मी पहिल्या आठवड्यात खारं घालत होते आणि खारटपणा ३९ वर गेला होता. संपच्या काचेवर स्केचपेनने एक रेघ मारा आणि सकाळ-संध्याकाळ तिथपर्यंत भरा, किंवा आपोआप भरणारं यंत्र लावा.

वीज गेली तर आधी ऑक्सिजन, मग तापमान, लाइट सगळ्यात शेवटी. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर ठेवा. बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असू द्या. प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोल घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे थेंब वायरवरून घसरत प्लगमध्ये जात नाही. अर्थिंग तपासून घ्या आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. खाऱ्या पाण्यात हात घालणाऱ्याने यात काटकसर करायची नसते.

डासांचा स्प्रे त्या खोलीत बंद. स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, खोलीतलीच हवा ओढून पाण्यात मिसळतो. आणि रंगपंचमीच्या गेरमधून, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीतून, आलेला हात, कितीही धुतलेला असो, आठवडाभर टँकच्या आत घालू नका. आमच्याकडे एकदा पुतण्याने 'मासा दाखवतो' म्हणून घातला होता, दुसऱ्या दिवशी झोअँथिड गुलाबी नव्हते झाले, पण मिटले होते.

१०. गावाला जाताना

सगळ्यात जास्त टँक मालक घरी नसताना बिघडतात, आणि कारण बहुतेक वेळा शेजाऱ्यांची माया असते. त्यांना मासे भुकेलेले वाटतात. त्यामुळे मी खाणं गोळ्यांच्या साप्ताहिक डबीत भरून ठेवते, एक खण एक दिवस, आणि उरलेला डबा कपाटात कुलपात. जायच्या आदल्या दिवशी पाणी बदलत नाही, कुठलीही नवी वस्तू लावत नाही. काही बिघडणार असेल तर ते मी समोर असताना बिघडावं.

फ्रिजवर कागद चिकटवलेला असतो, शेजारच्या काकूंसाठी, मोठ्या अक्षरात:

काकू, डबीतला आजचा खण फक्त. पाणी रेघेपर्यंत, निळ्या झाकणाच्या कॅनमधून, पांढऱ्यातून नाही. काच हिरवी झाली तर होऊ द्या. कुठलाही आवाज थांबला तर लगेच फोन. बाकी कशालाही हात लावू नका, आणि फ्रिजमध्ये श्रीखंड आहे ते संपवा.